तानूबाईचं दावं

तानूबाईच्या घरात खुंटीला एक स्टीलची किटली टांगलेली असायची. डेअरीला दूध घालायला बायका नेतात तसली, कडीची, झाकणाची. कागलच्या बाजारातून आणलेली, आणि भांडेवाल्याकडून वर टोचून नाव घालून घेतलेलं: तानूबाई बाळासो. घरात दूध देणारं जनावर एक नव्हतं. होती ती म्हशीची एक वगार, अजून एकदाही न व्यालेली, आणि तीसुद्धा अर्धी दुसऱ्याची. म्हशीच्या आधी किटली आली म्हणून आम्ही टोळीतल्या बाया तिला लई हसायचो.

"तानू, किटलीला कितवा महिना लागला गं?" झुंबरबाई विचारायची.

"तुझं तोंड मिटलं की व्यायलाच झाली म्हणून समज," तानू म्हणायची, आणि आमच्याआधी आपणच हसायची.

आमची टोळी भांगलणीची. म्हणजे ऊस लहान असतो तेव्हा त्यातलं तण खुरप्यानं काढायचं. दूधगंगेच्या काठाला जिकडं बघावं तिकडं ऊस, त्यामुळं काम बारमाही. लांबून बघणाऱ्याला ऊस म्हणजे हिरवागार देखावा. आत सरीत बसून बघावं. वारं म्हणून लागत नाही. घामानं लुगडं पाठीला चिकटलेलं, आणि उसाचं पान हाताला लागलं की रक्ताची बारीक रेघ. घाम त्या रेघेत उतरला की जे झोंबतं ते सांगून कळायचं नाही. म्हणून आम्ही नवऱ्याच्या फाटक्या सदऱ्याच्या बाह्या कापून हातात घालायचो. तानूचा नवरा बाळासो लवकर गेला, पण त्याचे सदरे तिला पुढं किती वर्षं पुरले. "जित्तेपणी राबला न्हाय, आता राबतोय बघ माझ्याबरोबर," असं ती त्या बाह्यांकडं बघून म्हणायची. आडोशाला जायचं तर शेजारच्या सरीत, तेही साप बघून. कंबर धरली तरी उठायचं नाही, कारण बांधावर गणपतराव छत्री घेऊन उभे.

हे गणपतराव आमच्या भावकीतले, माझे चुलत दीर. त्यांचा मळा मोठा, आमचं रान चटईएवढं. त्यामुळं त्यांच्याच घरची असून मी त्यांच्याच उसात मजुरीला जायचे. ते मला वहिनी म्हणायचे आणि छत्री माझ्यावरही तशीच रोखायचे. त्यांची बायको शालूबाई. बोलायला गुळाची ढेप. तानू बौद्धवाड्यातली, पण शालूबाई चारचौघांत म्हणायची, "तानू म्हंजे माझी पाठची बहीण." आम्हाला चहा आला की सगळ्यांचे कप घरातले, आणि तानूचा तेवढा गोठ्याच्या कोनाड्यातून यायचा. एकदा तानूनं तो कप उलटा करून आतला कोळी झटकला आणि म्हणाली, "वैनी, ह्यो बी तुमचा पावणाच की. बहिणीच्या कपात राहतोय." शालूबाई हसली. कप मात्र कोनाड्यातच राहिला.

सन दोन हजारच्या उन्हाळ्यात शालूबाईची एक म्हैस साप चावून मेली. मागं पंधरा-वीस दिवसांची रेडी राहिली. हाडाचा सापळा, उभं राहिलं तरी पाय थरथरायचे. कपाळावर पांढरा चांद तेवढा देखणा. शालूबाई म्हणाली, "तानू, तू घे ही अर्धलीनं. जगली तर तुझं नशीब."

अर्धलीची रीत आमच्याकडं जुनी. ज्याच्याकडं जनावर आहे पण सांभाळायला माणूस नाही, तो ते राबणाऱ्याला देतो. खायला घालायचं, वाढवायचं ते राबणाऱ्यानं. म्हैस व्याली की पहिलं वेत, म्हणजे पहिल्या वेळचं सगळं दूध, सांभाळणारीचं. दुसरं वेत मालकिणीचं, मग परत सांभाळणारीचं, असं आळीपाळीनं. पण सांभाळणारीनं व्यायच्या आत जनावर परत केलं, तर तिचा हक्क संपला, घातलेली वैरण फुकट. याला कागद नसतो. देणारीनं दावं घेणारीच्या हातात द्यायचं आणि एका तिसऱ्या माणसानं ते बघायचं. हातात दावं दिलं की दिलं. नुसतं काही दिवस ठेवायचं असलं तर हातात द्यायचं नाही, आपण जाऊन खुंटीला बांधायचं. एवढा फरक सगळ्यांना ठाऊक असतो, पोराबाळांनासुद्धा.

शालूबाईनं रेडीला हळद-कुंकू लावलं आणि दावं तानूच्या हातात दिलं. तिसरी मी होते.

तानूनं ती रेडी, तिची चंद्री, वाढवली कशी, ते मी डोळ्यानं बघितलंय. तिची लेक संघप्रिया शाळेतनं आली की बोटं पेजेत बुडवून तिला चोखायला द्यायची. पावसाळ्यात घर गळायला लागलं तेव्हा मायलेकी कोपऱ्यात सरकल्या आणि कोरडी जागा चंद्रीला दिली. वैरणीचं काय, तर तानूनं गणपतरावांशी बोली केली. मळ्याच्या पाटाकडच्या बांधाला लागून ज्या सऱ्या आहेत, त्या ती बिनमजुरीनं भांगलणार. त्याच्या बदल्यात बांधावरचं गवत तिचं. दिवसभर आमच्याबरोबर भांगलायची, आम्ही घरला निघालो की ती त्या सऱ्यांत बसायची, आणि मग अंधार पडायच्या आत गवताचा भारा डोक्यावर. भारा एवढा की समोरून बघितलं तर गवतच चालत येतंय असं वाटायचं.

"कशापायी एवढा जीव काढतीस गं?" मी म्हणायचे.

"आक्का, एक वेत. एकदा डेअरीत माझ्या नावावर दूध चालू झालं की मी ह्या उसात पाय ठेवत न्हाय बघ. बाळासोच्या बाह्या पेटवून पाणी तापवतो आणि अंघोळ करतो."

आमच्याकडच्या बऱ्याच बाया पुरुषासारखं 'करतो, जातो' बोलतात, त्यात तानूचा आवाज खणखणीत. पलीकडच्या शेतातला माणूस वळून बघायचा.

चंद्री गाभण राहिली आणि त्याच बाजाराला तानूनं किटली आणली.

मग आलं लोकरी माव्याचं साल, दोन हजार तीन. उसाच्या पानामागं कापूस पिंजून टाकावा तसा तो पांढरा किडा. सगळा जिल्हा हबकला होता. त्यात पावसानंही हात आखडता घेतला. वैरण मिळेना. पाटाच्या ओलीवर गणपतरावांचा तो बांध तेवढा हिरवा होता, आणि तानू रोज सकाळी त्याच्याकडं बघून यायची, जसं आपण चुलीवरचं दूध बघून येतो.

आषाढ संपता संपता गणपतरावांनी टोळीला बोलावलं. "आज भांगलण न्हाय. माव्याचं औषध मारायचंय. पाणी वाहायचं." पंप मारायला बाहेरचा एक गडी आणलेला, सातापा नावाचा. त्यानं तोंडाला फडकं बांधलं. आम्हाला फडकं कोण देणार? आम्ही पाटातून घागरी भरून पिंपात ओतत होतो आणि तो त्यात बाटलीतलं कालवत होता. वासानं डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तानू सगळ्यात पुढं. दोन घागरी एका वेळी. माव्यानं ऊस गेला तर भांगलण गेली, भांगलण गेली तर बांध गेला, असा तिचा हिशेब.

मध्येच तिनं सातापाला विचारलं, "पावणं, मावा तर पानामागं असतोय. तुमी नळी खाली धरून बांधावर कशाला मारतायसा?"

सातापानं गणपतरावांकडं बघितलं. गणपतराव म्हणाले, "किडं गवतातनं उसावर चढत्यात. तुला काय कळतंय? तू आपलं पाणी आण."

तानूनं आणलं. आम्ही सगळ्यांनीच आणलं.

आठवडा गेला नाही तोवर बांध पिवळा पडला. मग तांबडा. मग विस्तव फिरवल्यासारखा काळपट. तानू बांधावर बसून एकेक गवताचं ठोंब उपटून बघत होती. मुळापासून मेलेलं. "औषध जरा जास्त झालं जणू," असं तीच आम्हाला सांगत होती. गणपतरावांची बाजू तीच घेत होती!

दुसरीकडं कुठं गवत? ज्याचा त्याचा बांध ज्याला त्याला कमी पडत होता. चंद्रीला नववा महिना. बरगड्या मोजता येतील अशी झाली. तानू स्वतःच्या घराच्या छपराचं पाचट काढून तिच्यापुढं टाकायची. चंद्री नुसतं हुंगायची आणि तोंड फिरवायची.

तेव्हा शालूबाई आपण होऊन तिच्या दारात गेली. बौद्धवाड्यात तिचं पाऊल कधी पडलं नव्हतं. "तानू, मुक्या जिवाचे हाल करू नको गं. माझ्या गोठ्यात कडब्याची गंजी हाय. म्हैना-दीड म्हैना राहू दे तिकडं. गवत फुटलं की घेऊन जा. तुझं काय जातंय? बहिणीचं घर हाय."

तानूला भरून आलं. मला येऊन सांगितलं, "आक्का, दारात आलती की गं माझ्या!"

मी म्हटलं, "ने, पण खुंटीला तू बांध."

"तेवढं कळतंय मला."

कळत होतंच. पण रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून तिनं चार ओढ्यांच्या कडेनं हिंडून जमवलेला गवताचा भारा डोक्यावर घेतला. एका हातानं भारा सावरलेला, दुसऱ्या हातात दावं. शालूबाई गोठ्याच्या दारात उभी. सून मोना उंबऱ्यावर. शालूबाई पुढं झाली, "अगं, पडशील की! दे, दे ते दावं हिकडं. तू आधी भारा उतर." आणि हात पुढं केला.

तानूनं दावं दिलं. भारा उतरवला. शालूबाईनं चंद्रीला आपल्या हातानं खुंटीला बांधलं. मोना बघत होती. त्या दिवशी चहासुद्धा झाला. कोनाड्यातल्या कपातून.

त्यानंतर तानू रोज कामावरून येताना त्या गोठ्यात जायची. चंद्रीला पाणी दाखवायची, शेण काढायची, अंग घासायची. चंद्रीचं म्हणून सगळ्याच जनावरांचं शेण काढायची. शालूबाई म्हणायची, "तू हाईस म्हणून मला काय बघावं लागत न्हाय गं."

नवरात्रात चंद्री व्याली. रेडीच झाली, तिच्यासारखीच चांदाची. खबर आली तेव्हा आम्ही सरीत होतो. तानू खुरपं तिथंच टाकून पळाली. घरी गेली, खुंटीवरची किटली काढली, राख लावून घासली आणि गणपतरावांच्या दारात उभी राहिली.

शालूबाई म्हणाली, "किटली कशाला आणलीस?"

"वेत माझं न्हवं का वैनी. चीक तुमच्याकडं राहू दे, खरवस करा. चार दिसांनी मी तिला घरला नेतो."

"तुझं कसं? तू परत केलीस की. दावं माझ्या हातात दिलंस. मोना हुती बघायला. व्हय गं मोना?"

मोनानं खाली बघून मान हलवली.

तानू किटली घेऊन तशीच माझ्याकडं आली. मी पदर खोचला आणि तिला घेऊन गेले. गणपतराव सोप्यावर सुपारी कातरत होते. मी म्हटलं, "भावजी, दिलं तवा तिसरी मी हुते. पहिलं वेत तानूचं ठरलंय."

"व्हय की वहिनी. कोण न्हाय म्हणतंय? पर परत दिलं तवा तुम्ही नव्हतासा. तिसरी मोना हुती. रीत म्हंजे रीत."

"डोक्यावर भारा हुता तिच्या! मदतीला म्हणून घेतलं शालूनं."

"आता मनातलं कोण बघायला गेलंय?" असं म्हणून त्यांनी मला सुपारी पुढं केली. मी घेतली नाही. तेवढंच काय ते माझ्या हातात होतं.

तानू तरी म्हणत होती, शालूवैनीचा गैरसमज झालाय, राग उतरला की देईल. माणसाला वाटतं ना, की बहीण म्हणणारं माणूस असं कसं करील? ते वाटणं गेलं ते आणखी दोन दिवसांनी. सातापा पंपवाला दुसऱ्या कुणाच्या रानात जाताना आम्ही भांगलत होतो तिथं बांधावर पाणी प्यायला थांबला. झुंबरबाईनं सहज त्याला डिवचलं, "तुझ्या औषधानं मावा जगला आणि गवत मेलं बघ."

"माव्याचं औषध कुठलं मावशी? तणनाशक हुतं ते. मला मालकानं बोलावलंच हुतं बांधासाठी. म्हणाले, पाटाकडचा सगळा बांध मार, एक काडी ठेवू नको."

तानू सरीत बसली होती. खुरपं चालत होतं ते थांबलं.

"तवा का सांगितलं न्हाईस?" मी विचारलं.

"मी मजुरीचा माणूस. मला काय ठावं बांध कुणाचा?"

त्याचंही खरंच होतं. तो पाणी पिऊन गेला. तानूनं आपले तळहात उलटून बघितले. मग म्हणाली, "आक्का, पाणी मीच वाहिलं गं. दोन-दोन घागरी." एवढंच. रडली नाही. त्या दिवसाची भांगलण पुरी केली, पण बांधाकडच्या सऱ्यांना हात लावला नाही.

आता पुढचं ऐका. चंद्री काही शालूबाईला धार देईना. जवळ गेलं की लाथ. मोनाच्या मांडीला काळानिळा डाग पडला. गणपतरावांनी मागचे पाय बांधून बघितलं, तर जनावर अंग आखडून उभं. कास दगडासारखी झालेली, आणि पान्हा सोडायचं नाव नाही. रेडकालासुद्धा धड पाजेना. लहानपणापासून एकच हात अंगाला माहीत, आणि तो हात चार दिवस फिरकला नव्हता.

मोना बोलवायला आली. "तानूमावशी, आत्याबाईंनी बोलावलंय. रेडकू मरंल हो."

तानू म्हणाली, "आक्का, तू चल." जाताना तिनं किटली घेतली. मला वाटलं, काहीतरी ठरलं असेल.

गोठ्यात शालूबाई चहा घेऊन उभी. कप घरातला होता, निळ्या फुलांचा, बशीसकट. "ये गं तानू. झालं गेलं सोड. तू रोज सकाळ-संध्याकाळ येऊन धार काढून दे. तुला तांब्याभर दूध देत जाईन की घरला. घे, आधी चहा घे."

तानूनं चहाकडं बघितलं आणि गव्हाणीच्या कडेला ठेवला. चंद्रीजवळ गेली. तिच्या मानेखाली हात घातला, कपाळावरच्या चांदावरून अंगठा फिरवला, आणि हळूच काहीतरी बोलली, ते मला ऐकू आलं नाही. चंद्रीनं तिचा हात चाटला. त्या बाहीवरून, बाळासोच्या. बघता बघता कास सैल झाली, आणि सडांतून दूध आपोआप ठिबकायला लागलं.

शालूबाईनं चरवी पुढं सरकवली. तानूनं चरवी घेतली नाही, किटलीही उघडली नाही. रेडकाचं दावं सोडलं आणि त्याला कासेला लावलं. रेडकू ढुशा देत प्यायला लागलं. तोंडाला फेस, शेपूट वर.

"अगं, सगळं पिऊन टाकंल ते. पिळ की!"

"पिऊ दे."

तानू उकिडवी बसून बघत राहिली. रेडकाचं पोट ढोलासारखं झालं, तेव्हा तिनं त्याला बाजूला केलं. मग उठली आणि खुंटीपाशी जाऊन चंद्रीचं दावं सोडायला लागली.

शालूबाईचा आवाज चढला. "ए! कुठं नेतीस? मोना, तुझ्या सासऱ्याला बोलव!"

तानूनं दावं सोडलं. दोन वेटोळे घातले. शालूबाईचा हात धरला, बहिणीचा धरावा तसा, आणि दावं तिच्या तळहातावर ठेवलं.

"हे घ्या वैनी. त्या दिवशी मी दिलं नव्हतं, तुम्ही घेतलंसा. आज मी देतो." मग माझ्याकडं वळली. "आक्का, तू तिसरी. बघितलंस न्हवं?"

"बघितलं," मी म्हणाले.

शालूबाई दावं हातात धरून तशीच उभी. टाकावं तर म्हैस सुटते, धरावं तर त्या दिवशीचं घेणं खोटं ठरतं, आणि दोन माणसं बघतायत. तानूनं किटली उचलली आणि चालायला लागली. मागं चंद्री हंबरली. तानूची पावलं थांबली, एकदाच. वळली मात्र नाही. मी गव्हाणीवरचा तो चहा बघितला, त्यावर साय धरली होती.

त्या म्हशीनं त्या घराला सुखानं दूध दिलं नाही. दिवाळीनंतर गणपतरावांनी तिला बाजारात काढलं. कुठं गेली ते तानूनं कुणाला विचारलं नाही. पुढच्या साली त्यांनी सगळ्या उसातच तणनाशक मारलं. त्यांचं बघून दुसऱ्यांनी. टोळी मोडली. मी घरी बसले, आणि तानू शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत वाळू चाळायला जायला लागली. उसात पाय ठेवणार नाही म्हणाली होती, ते अशा वाटेनं खरं झालं.

एकदा सकाळी एसटीच्या थांब्यावर भेटली. हातात तीच किटली, नाव अजून स्पष्ट.

मी म्हटलं, "डेअरीला निघालीस काय गं?" म्हटलं, हसेल.

हसली. झाकण उघडून दाखवलं. आत आमटी होती, दुपारच्या जेवणाची, आणि काखेतल्या पिशवीत घरच्या पाण्याची बाटली. "पाणी तिथलं मी पीत न्हाय आक्का," ती म्हणाली. "कुणी काय कालवलंय, काय ठावं."